विद्यापीठाचा मुऱ्हाळी

शाहपूर,
१४ जानेवारी २०२५

वैजू,

फोन ब्लॉक करता येतो, विद्यापीठाचं पाकीट ब्लॉक करता येत नाही. म्हणून समाजशास्त्राच्या पुस्तिकेत घडी करून हे पत्र घातलं आहे. तू माहेरचे सगळे नंबर बंद केलेस, त्यात माझाही केलास. भांडण भावाशी आणि शिक्षा वहिनीला, हे कुठल्या प्रकरणात शिकवतात ते कळव. मी अभ्यासक्रमातून काढून टाकायला सांगते.

आज संक्रांत. तिळगूळ पाठवत नाही, पोस्टातल्या मुंग्याच आधी खातील. गोड बोल एवढं मात्र पाठवते, पण जी बोलतच नाही तिला गोड बोल म्हणून काय उपयोग.

मुद्द्यावर येते. तू बी.ए.ला नाव घातलंस त्याला यंदा सहावं वर्ष. सूर्यकन्या विद्यापीठाचा नियम असा की सहा वर्षांत पदवी झाली नाही तर नोंदणी रद्द, आणि आधी पास केलेले सगळे पेपर पाण्यात. तुझे दोनच राहिलेत, समाजशास्त्र आणि मराठी. मागच्या दोन्ही आखाजींना तू परीक्षेला आली नाहीस, दोन्ही वेळा गैरहजर लागलीस. यंदाची संधी शेवटची आहे. हे मी शाहपूर अभ्यासकेंद्राची समन्वयक म्हणून कळवते आहे. तुझ्या सासरी, खकनारजवळ, दुसरं केंद्र मिळेल का तेही विचारून पाहिलं. शेवटच्या वर्षाला केंद्र बदलत नाहीत.

आता वहिनी म्हणून. ही आखाजीची परीक्षा आली कुठून, आठवतंय ना? पहिल्या वर्षी परीक्षा मार्चात होती आणि तू सासरच्या गव्हाच्या काढणीत अडकलीस. तेव्हा फोनवर रडत म्हणालीस, 'वहिनी, मला सुट्टी मिळते ती फक्त आखाजीला, माहेरी आल्यावर.' तेवढं वाक्य मी उचललं आणि बऱ्हाणपूरला जाऊन कुलगुरू मॅडमच्या टेबलावर ठेवलं. लग्न झालेल्या सगळ्या मुली आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आठवडाभर माहेरी असतात, त्यांना कोणी भाकरी थाप म्हणत नाही, मग परीक्षा तेव्हाच आणि माहेरच्याच गावात का घेऊ नये? मॅडमनी घेतली. केंद्रावर पूर्वी अर्ध्या खुर्च्या रिकाम्या असायच्या, आता जादा बाकं मागवावी लागतात. आणि जिच्यामुळे हे झालं ती खकनारला रुसून बसली आहे.

तुझ्या भावाची चूक होती, हे मी त्याच्या तोंडावर सांगितलं आहे. मुऱ्हाळी म्हणून भावाने स्वतः बहिणीच्या दारात जायचं, तिच्या सासरी दोन घास खायचे आणि मानाने तिला घेऊन निघायचं. दोन वर्षांपूर्वीच्या आखाजीला नेमकी व्यापाऱ्याची गाडी केळी भरायला आली, मजूर शेतात उभे. याने काय केलं, तर खकनारला निघालेल्या टेम्पोवाल्याला सांगितलं की येताना बहिणीला घेऊन ये. टेम्पोत केळीची पानं अंथरलेली, तुझ्या सासूबाई ओट्यावर, गल्ली बघतेय. तू टेम्पो रिकामा परत पाठवलास आणि निरोप दिलास की भाऊ दारात येईल तेव्हाच शाहपूर बघेन. तुझ्या जागी मीही तेच केलं असतं.

त्याचं म्हणणं वेगळं आहे. 'म्या गाडी धाडली, तिनं गावासमोर रिकामी परत केली.' यालाही अपमान झाला. दोघं आबांचीच लेकरं, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं.

तुझी आठवण वगैरे त्याला येत नाही, गैरसमज नको. रोज सकाळी फक्त विचारतो, 'खकनारकडे थंडी जास्त राहते ना?'

पुस्तिका नीट वाच.

कविता


शाहपूर,
२० फेब्रुवारी २०२५

वैजू,

तुझे दोन्ही स्वाध्याय मिळाले. पाकीट झटकून पाहिलं, आतून चिठ्ठी काही पडली नाही. ठीक आहे. रागावलेल्या माणसाने अभ्यास करावा, राग निदान कामाला तरी लागतो.

समाजशास्त्रात एक प्रश्न होता, आपल्या परिसरातल्या एका प्रथेचं सामाजिक कार्य स्पष्ट करा. झाडून सगळ्या बायकांनी पोळा लिहिला, कारण गाइडात पोळा आहे. तू मुऱ्हाळी लिहिलास. मी स्वाध्याय तपासत नाही, फक्त जमा करून पुढे पाठवते. पण तुझं अक्षर दिसल्यावर मला राहवलं नाही.

'मुऱ्हाळी दारात आला की सून सुट्टीवर निघते. तो न येता ती निघाली तर लोक म्हणतात, हिला काढून दिली. म्हणून जिला भाऊ नाही, किंवा असून येत नाही, तिचं माहेर जवळ असूनही लांब असतं.' आणि शेवटी, 'ही प्रथा चांगली की वाईट हे मला ठरवता येत नाही. पाळणाऱ्याने पाळली तर ती चांगली आहे.'

वाचून मला रडू आलं, वैजू. मला वाटत होतं तू नुसती अडून बसली आहेस. तुझ्या सासूबाई मुऱ्हाळ्याशिवाय सुनेला उंबऱ्याबाहेर पाठवणार नाहीत, आणि पाठवलंच तर बोल तुलाच लागणार, हे मी डोळ्यांआड केलं होतं.

निलेश सरांनीही ते वाचलं. सर म्हणजे समाजशास्त्राचे नवे प्राध्यापक, मूळचे सागरचे, दर शनिवारी बऱ्हाणपूरहून इथे तास घ्यायला येतात. मराठी समजतं त्यांना, बोलताना मात्र क्रियापदापाशी आले की हिंदीत उतरतात. तुला पूर्ण गुण दिले आणि विचारलं, हे विद्यापीठाच्या बैठकीत वाचून दाखवू का? मी तुला न विचारताच हो म्हटलं. विचारायला फोन चालू असावा लागतो.

आबा बरे आहेत. गुडघे दुखतात, पण शेतात जायचं सोडत नाहीत. तुझ्या भावाबद्दल काही लिहीत नाही. तुला ऐकायचं नसेल.

तरी लिहिते. केळीच्या नव्या बागेत ठिबक टाकतोय आणि चिडचिड करतोय.

कविता


शाहपूर,
१२ मार्च २०२५

वैजू,

उद्या होळी, पुरणाची डाळ भिजत घालून लिहायला बसले आहे. बातमी मोठी आहे.

तुला कळलं असेल, राज्यातल्या विद्यापीठांमध्ये समाजाला सामावून घेण्याबद्दल आपल्या विद्यापीठाला सन्मान मिळाला. मानपत्र काचेत घालून कुलगुरू मॅडमच्या केबिनबाहेर लावलंय. मागावर काम करणाऱ्या मुलांचे वर्ग लूम बंद असतात त्या दिवशी भरतात, खकनारकडच्या कोरकू मुलांना पहिल्या वर्षाची पुस्तिका कोरकूत मिळते, आणि आपली आखाजीची परीक्षा, हे सगळं त्यात आहे. आपल्या बायका झोका खेळून उठतात आणि हातावरची मेंदी वाळायच्या आत पेपर लिहितात. मानपत्रात त्याला 'समावेशक मूल्यमापन' म्हटलंय. मी ते वाचलं आणि मला हसू आलं, पण खरं सांगते, अभिमानही वाटला. माझ्या आयुष्यात मी केलेल्या कुठल्या गोष्टीला कोणी काच लावली नव्हती.

बैठकीत सगळे पेढे खात होते. मॅडम भोपाळच्या, पेढा न खाता त्यांनी विचारलं, 'जो नहीं आ पाईं, उनका क्या?' मग निलेश सर उठले आणि तुझं उत्तर वाचलं.

मॅडमनी मला विचारलं, 'कविताजी, ये मुऱ्हाळी भाई ही होना चाहिए?'

मी म्हटलं, 'भाऊ नसला तर काका, मामा. पण माहेरचा माणूस हवा.'

'इन लड़कियों का मायका शाहपुर है, और शाहपुर में हम भी हैं. जिसका कोई नहीं आता, उसको लेने यूनिवर्सिटी जाएगी.'

हिशेब बघणारे सुधाकरराव दचकले. म्हणाले, 'मॅडम, हा खर्च कोणत्या शीर्षाखाली दाखवायचा? मुऱ्हाळी असं शीर्ष नाही आपल्याकडे.' मॅडम म्हणाल्या, प्रवास. तर यांचा पुढचा प्रश्न, मुऱ्हाळी सासरी जेवला तर भोजनभत्ता कापायचा का. त्यावर चर्चा झाली, खोटं सांगत नाही.

तर यंदा विद्यापीठाची जीप निघणार. खकनारला तुझ्याकडे मुऱ्हाळी म्हणून निलेश सर येणार आहेत.

घरी जेवताना मी हे मोठ्याने सांगितलं. तुझ्या भावाचा घास हातातच राहिला.

'कोन निलेश?'

'प्राध्यापक आहेत. भला माणूस आहे.'

'त्याले काय समजते मुऱ्हाळी?'

'शिकवलं की समजतं. डबा मी देणार आहे बरोबर, आणि तुमची पांढरी टोपीही देईन म्हणते. पडूनच आहे.'

त्याला काहीही फरक पडलेला नाही, हे मी तुला खात्रीने सांगते. जेवण झाल्यावर कपाट उघडून टोपी जागेवर आहे का तेवढं पाहून आला.

तू तयारी ठेव. मराठीच्या पुस्तिकेत काही अडलं तर स्वाध्यायाच्या मागे लिहून पाठव.

कविता


शाहपूर,
१० एप्रिल २०२५

वैजू,

सोबत तुझं प्रवेशपत्र आहे. २ आणि ३ मे, सकाळी दहा वाजता.

हे पत्र लिहिताना माझा जीव थाऱ्यावर नाही. मागच्या आठवड्यात गोदाबाईंचा फोन आला होता. तुझ्या सासूबाईंनी मला फोन करावा असं कधी घडलं नव्हतं, म्हणून मला वाटलं तुलाच काही झालं. त्या शांतपणे बोलल्या, आणि बोलल्या ते मला खोडता आलं नाही.

'कविताबाई, तुमचा मास्तर माह्या दारात येऊन काय सांगीन? मी कोन, तर युनिवर्सिटी? ज्या पोरीले कोनी नाही तिले न्या, पुन्य लागीन तुम्हाले. माह्या सुनेले बाप आहे, भाऊ आहे. ते घरी बसून राहतीन अन् परका मानूस तिले न्यायले येईन, तर उद्या लोक तिलेच इचारतीन, तुह्यात काय खोट आहे? मी नाही पाठवत.'

मला वाटलं होतं मी फार हुशारी केली. बाकीच्यांचं जमलंही. नेपानगरला दिलेल्या पल्लवीला भाऊ नाही, तिचे सासरे म्हणाले, प्रोफेसर मुऱ्हाळी येतो म्हणजे आमचाच मान वाढला. अडलं ते एकट्या तुझ्यापाशी, आणि ते कशासाठी, तर तुला भाऊ आहे म्हणून.

मी घरी आले आणि तुझ्या भावाला हे सगळं जसंच्या तसं ऐकवलं. तो म्हणाला, 'ती एक फोन करीन तर मी जाईन.' मी म्हटलं, 'तुम्ही एकदा जाल तर ती फोन करेल.' तो म्हणाला, 'टेम्पो रिकामा तिनं पाठवला.' मग मी भाकरी ताटात टाकली आणि उठले. तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे. आबा दोघांच्या मधे निरोप नेतात आणि मधेच निरोप विसरतात.

आता ऐक, एक मार्ग आहे. मी सांगते आहे हे कोणाला कळायला नको. तुझे रितेशराव सुरतहून सुट्टीला येतील तेव्हा त्यांना आणून सोडायला सांग, नाहीतर एकटीच नीघ. खकनारहून बस, बऱ्हाणपूरला बदलायची, शाहपूरला उतरायचं. आमच्या घरी येऊ नकोस हवं तर. केंद्रावर वरची खोली आहे, मी तुझ्याजवळ झोपेन, डबा आणेन. दोन पेपर दे आणि परत जा. परत गेल्यावर जे ऐकून घ्यावं लागेल ते लागेल, पण पदवी तुझी होईल. नाहीतर सगळी वर्षं वाया जातील, वैजू. मी हात जोडते.

कविता


खकनार,
१७ एप्रिल २०२५

वहिनी,

तुझी सगळी पत्रं वाचली. मी पळून परीक्षेला येणार नाही. आत्याबाई वाईट नाहीत, पण मी न सांगता गेले तर या घरातून पुढे कोणतीही सून शिकायला जाणार नाही. कोणी घ्यायला आलं तर उजळ माथ्याने येईन. नाही आलं तर राहिलं. अभ्यास पूर्ण झाला आहे.

वैजयंती


शाहपूर अभ्यासकेंद्र,
२ मे २०२५

वैजू,

तू आत पेपर लिहिते आहेस आणि मी बाहेर कडुनिंबाखाली बसले आहे. नातेवाईक परीक्षेला असेल त्या दिवशी केंद्रावर काम करायचं नाही, हा नियम दर वर्षी मीच सगळ्यांना वाचून दाखवते. आज तो पुन्हा मला लागू झाला. हाताला काम नाही, म्हणून लिहिते. चार दिवस घरात माणसं इतकी आहेत की तुझ्याशी धड बोलताच आलं नाही, आणि मागच्या रविवारी इथे काय झालं ते तुला कोणी सांगणार नाही. तुझा भाऊ तर नाहीच.

तुझं पोस्टकार्ड मी त्याच्यासमोर ठेवलं होतं. त्याने वाचलं, पालथं करून मागची बाजूही पाहिली, आणि बाहेर गेला. मी आशा सोडली. तरी निलेश सरांना म्हटलं, तुम्ही जाऊन तर या, गोदाबाईंना समोरासमोर सांगून बघा.

रविवारी सकाळी जीप आपल्या दारात आली, सांजोऱ्यांचा डबा घ्यायला. आणि दैवाची थट्टा बघ, त्याच सकाळी व्यापाऱ्याची गाडीही केळी भरायला आलेली. मजूर पुढे गेले होते, तुझा भाऊ मोटरसायकलला किक मारत होता. जीप पाहून थांबला. सरांजवळ गेला. मी डबा घेऊन मागेच उभी होते, म्हणून शब्द न् शब्द ऐकला.

'सर, तुम्हाले बहीन आहे?'

'आहे ना. सागरमध्ये.'

'तिले आनायले कोन जाते?'

'हमारे यहाँ तो वो खुदच येते.'

'मंग तुम्हाले नाही जमनार,' तो म्हणाला, आणि दार उघडून पुढच्या सीटवर बसला. सर बिचारे डबा मांडीवर घेऊन मागे गेले.

तेवढ्यात व्यापाऱ्याचा फोन. हा म्हणाला, 'थांबता येईन तर थांबा, नाहीतर गाडी घेऊन जा. मी बहिणीले आनायले चाललो.' मी दारातच बसले, वैजू. डोळ्यांना पदर लावला. आबा आतून काठी घेऊन आले आणि म्हणाले, 'तू रडत बस, मी घड उतरवून घेतो.' या वयात भर उन्हात जाऊन उभे राहिले. अर्धाच माल गेला. बाकीची केळी पिवळी पडली, ती गल्लीभर वाटली. आखाजीला आलेल्या पोरी येता-जाता खातात, त्यांना वाटतं तुझा भाऊ दानशूर झाला.

खकनारला काय झालं ते तू पाहिलंस. माझ्यापर्यंत ते सरांच्या तोंडून आलं. गोदाबाई ओट्यावरून म्हणाल्या, 'दोन सालं लागली का रे तुले?' आणि हा म्हणाला, 'लागली.' एवढंच. ना सबब, ना केळी, ना मजूर. सर म्हणतात, त्यांनी इतकी छोटी आणि इतकी पुरेशी कबुली कधी ऐकली नाही. जेवण झाल्यावर सर निघायला उठले, तर तुझ्या सासूबाईंनी दोघांना मुक्कामालाच ठेवून घेतलं. सरांनी आता विद्यापीठाला कळवलंय की मुऱ्हाळ्याच्या दौऱ्यात मुक्काम धरावा, सासरचे सोडत नाहीत. सुधाकरराव डोकं धरून बसलेत.

येताना तुम्ही जीपमध्ये काय बोललात तेही मी सरांना विचारलं. तू म्हणालीस, काच वर कर, धूळ येतेय. त्याने केली. बाकी सगळा रस्ता गप्प. मला आधी राग आला, मग वाटलं, असू दे. काच सांगितली आणि त्याने लावली, इथवर तरी आलो.

आणि तू उतरलीस. मी भाकरतुकडा ओवाळायला उभी, डोळ्यांतून पाणी, मनात काय काय योजून ठेवलेलं. तू म्हणालीस, 'वहिनी, मराठीचं चौथं प्रकरण मला अजिबात कळलेलं नाही.' अशी नणंद कोणाला मिळते का सांग.

तुझा भाऊ आता फाटकाजवळ पाण्याचा कॅन घेऊन बसला आहे. मी दोनदा सांगितलं की आत पाणी आहे. म्हणतो, 'आतलं कोमट राहते.' मघाशी विचारत होता, पेपर कठीण आहे का. मी म्हटलं, मीही बाहेरच आहे ना. होय, आम्ही बोलायला लागलो आहोत. आबांची नोकरी गेली.

आत्ता पल्लवी पुरवणी मागायला हात वर करून बसलेली दिसली. तिच्या पुढच्या बाकावर तू, मान खाली, लिहिते आहेस. मला समोरच्या खिडकीतून तुझी वेणी दिसते, बाकी काही नाही. तेवढं पुरे आहे. आता तू पास हो की नापास हो, हे वहिनी म्हणून म्हणते. समन्वयक म्हणून म्हणते, पास हो.

कविता


शाहपूर,
२८ जून २०२५

वैजू,

निकाल तू फोनवर पाहिलासच. पास झालीस, प्रथम श्रेणी थोडक्यात हुकली. मराठीचं चौथं प्रकरण, मी सांगत होते. पण काल मी केंद्रात सगळ्यांना पेढे वाटले आणि प्रत्येकाला सांगितलं की ही माझी नणंद. निलेश सरांनी दोन घेतले.

नंबर उघडलास, आता रोज फोन होतो, आणि तरी तुझं पत्र आलं. पाकिटावर तुझं अक्षर पाहून वाटलं पुन्हा काही बिनसलं की काय. उभ्या उभ्या फोडलं. वाचून खाली बसले.

गोदाबाई स्वतःहून म्हणाल्या की त्यांच्या लेकीला, रुपालीला, शिकवायचं. लग्नापायी तिचं कॉलेज सुटलं तेव्हा त्यांनीच सोडायला लावलं होतं, म्हणून मला हे दोनदा वाचावं लागलं. यंदा खकनारला विद्यापीठाचं केंद्र निघतंय, प्रवेश पुढच्या आठवड्यापासून. म्हणजे रुपालीला तिच्या सासरहून, असीरगडहून, आणावं लागणार. रितेशरावांना सुरतेत सुट्टी नाही. तुझ्या सासऱ्यांना दिसत नाही. मी मॅडमना कळवून जीपची तजवीज करणार होते, आणि पुढची ओळ वाचली, 'मी आत्याबाईंना म्हटलं, मी जाते. मुऱ्हाळी म्हणून.'

त्या काय म्हणाल्या तेही लिहिलंस. 'सून कधी मुऱ्हाळी गेली का कोनाची? पर जा. नाहीतर तिचं सासर म्हनीन, माहेरात कोनी उरलंच नाही.' वैजू, मानपत्रात हे कोणी लिहिणार नाही, पण आमच्या विद्यापीठाने यापेक्षा मोठं काही केलं असेल असं मला वाटत नाही. मी कुलगुरू मॅडमना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, 'सुधाकरजी से कहना, यह भी प्रवास में.'

शेवटी तू लिहिलंस, 'मी कधी मुऱ्हाळी गेलेले नाही. दारात पोचल्यावर तो आधी काय बोलतो, ते दादाला विचारून कळव.' फोनवर त्याला सरळ विचारलं असतंस तर चाललं नसतं का? पण तुम्हा दोघांचं काही सरळ जाईल तर शपथ. म्हणून मी विचारलं. हा शेतातून येऊन हातपाय धूत होता.

'काय बोलते म्हंजे? पानी देतात, ते प्यायचं. बसायचं.'

'ते सासरच्यांनी करायचं. मुऱ्हाळी काय बोलतो?'

पंच्याने हात पुसत राहिला, कोरडे झाले तरी पुसत राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, 'लिही तिले. पहिले म्हनायचं, मले यायले उशीर झाला, माह्यं चुकलं. मंग बाकीचं.'

मी म्हटलं, 'अहो, रुपालीकडे तर ती वेळेवरच जाते आहे.'

'तरी लिही,' तो म्हणाला.

म्हणून लिहिलं आहे.

कविता